हॅलिफॅक्सला पलटीबाज म्हणणाऱ्यांस

इंग्रज मुत्सद्दी जॉर्ज सॅव्हिल, मार्क्विस ऑफ हॅलिफॅक्स, याच्यावरचा आरोप त्याच्या हयातीपासूनचा: वारा येईल तशी पाठ फिरवणारा. पुरावा वरवर बिनतोड आहे. राजा चार्ल्सचा कॅथलिक भाऊ जेम्स याला गादीपासून दूर ठेवणारे विधेयक १६८० मध्ये त्यानेच हाणून पाडले. आणि १३ फेब्रुवारी १६८९ ला त्याच जेम्सचा मुकुट लेक मेरी आणि जावई विल्यम यांना देऊ करायला पुढे आला तोही हाच.

पण पलटी मारणारा काहीतरी पदरात पाडून घेतो. याने काय मिळवले? १६८० च्या नोव्हेंबरात, विधेयकावरच्या चर्चेत, लॉर्ड्सच्या सभागृहात समोर उभा होता विरोधकांचा लाडका पुढारी शाफ्ट्सबरी, नात्याने याच्या मावशीचा नवरा. हॅलिफॅक्स पुन्हा पुन्हा उठून त्याला उत्तर देत राहिला, राजा चार्ल्स स्वतः ऐकत होता. विधेयक ६३ विरुद्ध ३० मतांनी पडले आणि याला दरबारातून हाकला, अशी मागणी कॉमन्सने लगोलग केली. बरे, जेम्सचा भक्त म्हणावे, तर जेम्स गादीवर आलाच तर त्याचे अधिकार कायद्याने बांधा, हेही हाच सांगत होता. १६८५ मध्ये जेम्स राजा झाला. कॅथलिकांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारा टेस्ट अ‍ॅक्ट रद्द करायला साथ देणार नाही, असे याने त्याला तोंडावर सांगितले आणि ऑक्टोबरात पद गमावले. संधिसाधू माणूस नव्या राजाच्या पहिल्याच वर्षी असा घरी बसतो होय?

१६८८ मध्ये जेम्सविरुद्ध इंग्लंडात येण्याचे विल्यमला निमंत्रण धाडणाऱ्या सात जणांत त्याची सही नाही. उलट डिसेंबरात जेम्सच्याच वतीने तो हंगरफर्डला वाटाघाटींना गेला. इकडे राजा राज्यमुद्रा थेम्समध्ये टाकून पसार! पलटला कोण?

डाग आहे तो दुसरीकडे. १६८४ मध्ये कायद्याप्रमाणे संसद बोलवायला हवी होती. चार्ल्सने बोलावली नाही. हॅलिफॅक्सने आग्रह धरला, पण खुर्ची सोडली नाही. टीकाकारांनी तिथे खुशाल बोट ठेवावे, मी आड येणार नाही.

मात्र निष्ठा नव्हती, असे म्हणू नये. ती राजावर नव्हती, पक्षावर नव्हती, कायद्यावर होती. चार्ल्सच्या अखेरच्या दिवसांत न्यू इंग्लंडच्या वसाहतींवर राजाच्या मर्जीने राज्य करावे, असे घाटत होते. तिथली माणसेही इंग्रजच आहेत, त्यांना इंग्लंडचाच कायदा लागू हवा, असे याने राजासमोर ठणकावले. त्यावर जेम्सने भावाला सल्ला दिला, असला माणूस कारभारात ठेवू नये.