बेणे नेताना पोच द्या

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला

महोदय,

शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे आपल्याला ठाऊक असेलच. मालेगाव तालुक्यातल्या या पट्ट्यात खरिपात सोयाबीन आणि तूर असते. ज्यांच्या विहिरीला पाणी टिकते ते हळद लावतात. नऊ महिने सांभाळलेली ही हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून वाशीम, रिसोड, हिंगोलीच्या बाजारात जाते. सौदा झाला की ती कोणत्या शिवारातली, हे पुढे कोणी विचारत नाही. बेण्याचेही तेच. दरवर्षी निरोगी, भरदार गड्डे बाजूला काढून पुढच्या लावणीसाठी राखणारे शेतकरी गावोगावी आहेत, पण त्यांच्या निवडीची नोंद कुठे होत नाही. त्या नोंदीसाठी हे पत्र लिहीत आहे.

नोंदीचे मोल हळदीनेच एकदा साऱ्या देशाला शिकवले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. ज्या देशात बोट कापले की आधी हळदीचा डबा उघडतात, तिथे हे ऐकून संताप होणे साहजिक होते. पण संतापाने पेटंट रद्द होत नाही. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातला तोंडी, घरगुती वापर पुरावा ठरत नव्हता. छापलेले काही दाखवावे लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या देशाच्या संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख असे लेखी दाखले समोर ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. कोट्यवधी घरांत रोज चालणारी गोष्ट त्या कायद्याला दिसली ती छापील कागदामुळे.

दुसरे उदाहरण आपल्या विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रातले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या आणि हंगामामागून हंगाम निवड करत बारीक दाण्याचा वाण उभा केला. त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव त्याला मिळाले आणि तो तांदूळ दूरदूरच्या बाजारांत पोचला. १९९४ मध्ये विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले. पुढे विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. मूळ बियाण्यात भेसळ होती, निवड करून शुद्ध वाण आम्ही केला, अशी विद्यापीठाची भूमिका होती. शास्त्रज्ञांच्या शुद्धीकरणाच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण ज्या हाताने पहिली लोंबी ओळखली त्या हाताचे नाव वाणाबरोबर जायला हवे होते. दादाजींना पुढे सन्मान मिळाले, मात्र वाणातून येणारे उत्पन्न त्यांच्या वाट्याला आले नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. बियाणे देताना ‘हे माझे, या कारणासाठी दिले’ एवढा करार हातात असता, तर त्यांना दाद मागायला आधार मिळाला असता.

दादाजींनी बियाणे दिले तेव्हा असा हक्क देणारा कायदाच देशात नव्हता. आज आहे. पिकांचे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. त्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क दिला. शिवाय शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो. एखादा नवा वाण शेतकऱ्याच्या वाणावरून तयार केला असेल, तर नोंदणीच्या अर्जात त्याचा मूळ स्रोत सांगावा लागतो आणि लाभात वाटा मागण्याची सोय आहे. नोंदणी होऊ शकणाऱ्या पिकांत हळदही आहे. शेतकऱ्याच्या अर्जावर ज्यांची शिफारस चालते, त्यांत गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि जिल्हा कृषी अधिकारी यांच्याबरोबर कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालकही आहेत. म्हणजे जी सही दादाजींच्या वेळी नव्हती, ती आज आपल्या कार्यालयात आहे.

वाणाइतकेच नावालाही जपावे लागते. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये, आणि २०२४ मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीला. या भागांनी आपले नाव कायद्याच्या वहीत चढवले. तेवढ्यानेही काम संपत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापुरी चपलेला मानांकन होतेच. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, कारण दाद मागायची ती नोंदणीकृत मालकांनी. मानांकन ज्यांच्या नावावर आहे ते जागे राहिले, तरच ते उपयोगी पडते. म्हणून उद्या आमच्या पट्ट्यासाठी असा अर्ज झालाच, तर तो हळद पिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटनेच्या नावे व्हावा.

आणि मानांकन नसले तरी व्यापारचिन्ह आहे. हळद दळून पुडीत भरणारे बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या सुंदर नाव ठरवतात, पुड्या छापतात, गिऱ्हाईक जोडतात, पण ते नाव नोंदवायचे राहून जाते. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. मसाले तिसाव्या वर्गात येतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते. ही माहिती देणारा माणूस हवा आहे.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या आहेत.

एक: विद्यापीठाच्या कोणत्याही केंद्राने शेतकऱ्याकडून बियाणे, बेणे किंवा कलम नेले, तर जागेवरच मराठीत पोच द्यावी. त्यावर शेतकऱ्याचे नाव, गाव, वाणाचे स्थानिक नाव, वजन, तारीख आणि नेण्याचे कारण असावे. एक प्रत शेतकऱ्याकडे राहावी.

दोन: वाण नोंदणीसाठी वाशीम जिल्ह्यात दरवर्षी शिबिर व्हावे. अर्ज तिथेच भरून घ्यावेत आणि संशोधन संचालकांची शिफारस ठरलेल्या मुदतीत मिळावी.

तीन: मालेगाव आणि रिसोड तालुक्यांतील हळदीची सलग काही हंगाम तपासणी करावी, कुरकुमिनचे प्रमाण, जमीन, पाणी सारे पाहावे. निकाल जाहीर करावा. आमच्या हळदीत वेगळे काही आढळले तर मानांकनाच्या अर्जाला शास्त्रीय आधार द्यावा. आढळले नाही तर तसेही स्पष्ट सांगावे. खोट्या अभिमानावर मिळवलेले नाव बाजारात टिकत नाही.

चार: कृषी विज्ञान केंद्रातून बचत गटांना आणि उत्पादक कंपन्यांना व्यापारचिन्हाच्या अर्जासाठी मदत मिळावी.

यांतल्या तीन गोष्टींना वेळ आणि निधी लागेल, हे मी जाणतो. पहिलीला एक परिपत्रक आणि एक पावतीपुस्तक पुरेसे आहे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्याला संघटित करून त्याच्या हक्काची जाणीव देण्यात आयुष्य घालवले. येत्या मे महिन्यात हळदीची लावणी सुरू होईल. त्याआधी हे परिपत्रक निघावे आणि त्याची प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
शिरपूर जैन परिसरातील एक हळद उत्पादक