ऑर्कांचे प्रकार आणि दयेचा प्रश्न

जे. आर. आर. टॉल्किनच्या कल्पित जगात ऑर्क नावाचे जे विद्रूप आणि क्रूर जीव वावरतात, त्यांच्या जाती-पोटजातींची कोष्टके आज सहज मिळतात. चित्रपटांनी आणि संगणकावरील खेळांनी त्या कोष्टकांना चित्रांची जोड दिली आहे. हा मोरियाच्या खाणीतला, हा मॉर्डोरचा, हा आयझेनगार्डचा धिप्पाड उरुक-हाय. आमच्या वर्गातील काही विद्यार्थी ही माहिती आमच्यापेक्षा अचूक सांगतात, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र हे प्रकार म्हणजे एक प्रकारचे प्राणिशास्त्र आहे अशा समजुतीने वाचन झाले, तर टॉल्किनच्या लेखनातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट नजरेआड होते, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाविषयी. टॉल्किन हा ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक होता. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात केनच्या वंशातून निपजलेल्या अमंगळ जीवांची एक यादी येते. तीत ‘ऑर्कनेआस’ असा एक शब्द आहे. कवी त्यांचे वर्णन करीत नाही. केवळ नाव घेऊन पुढे जातो. त्या रिकाम्या नावात टॉल्किनने देह भरला. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये तो या जीवांना बहुतेक ठिकाणी ‘गॉब्लिन’ म्हणतो. १९५४-५५ मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ‘ऑर्क’ हे नाव रूढ होते. नंतरच्या खेळांनी या दोन निराळ्या जाती मानल्या. टॉल्किनच्या लेखी त्या एकच.

मग प्रत्यक्ष कादंबरीत प्रकार कशावरून ठरतात? ऑर्कांच्या भाषेतली दोन नावे येथे महत्त्वाची आहेत. ‘उरुक’ म्हणजे मॉर्डोर आणि आयझेनगार्डचे बलदंड लढवय्ये. त्यांच्याहून दुबळ्यांना ते ‘स्नागा’ म्हणतात, आणि स्नागा या शब्दाचा अर्थच ‘गुलाम’ असा आहे. म्हणजे ज्याला आपण पोटजात समजतो ते वस्तुतः पायरीचे नाव आहे. वरचा खालच्याला ते देतो, आणि वरच्याच्याही डोक्यावर धनी असतोच. मेरी आणि पिपिन यांना पकडून नेणाऱ्या टोळीत तीन गट आहेत. उग्लुकचे सैनिक सारुमानची पांढऱ्या हाताची खूण मिरवतात, ग्रिश्नाखचे लोक मॉर्डोरच्या तांबड्या डोळ्याचे चाकर आहेत, आणि उत्तरेकडचे ऑर्क मोरियातल्या आपल्या मृतांचा सूड घेण्यासाठी आले आहेत. एकमेकांची बोली त्यांना समजत नाही, म्हणून भांडण्यासाठीसुद्धा त्यांना माणसांची भाषा वापरावी लागते. धनी, चिन्ह आणि बोली यांनी पडलेले हे भेद आहेत. शरीराची ठेवण त्यांत असली, तरी ती एकटी काहीच ठरवीत नाही.

या जीवांना बोलते केले आणि टॉल्किनपुढची अडचण सुरू झाली. ‘द टू टॉवर्स’च्या शेवटी शॅग्रॅट आणि गॉर्बॅग हे दोन नायक बोलत असतात आणि सॅम ते चोरून ऐकतो. युद्ध संपले की चार विश्वासू साथीदार घेऊन निघून जावे, जेथे लूट मुबलक आहे आणि डोक्यावर कोणी बडा साहेब नाही अशा ठिकाणी राहावे, असे त्यांचे स्वप्न आहे. जखमी सोबत्याला टाकून जाणे त्यांच्या मते नीचपणाचे आहे, आणि तो नीचपणा एल्फांना शोभणारा आहे. पुढे मॉर्डोरमध्ये एक ऑर्क दुसऱ्याला धमकी देतो, ती त्याचे नाव आणि क्रमांक वर कळवण्याची. १९१६ साली सोमच्या खंदकांत लढलेल्या लेखकाला ही भाषा कोठे भेटली असेल, हे सांगण्याची गरज नाही. वेठीला धरलेल्या शिपायाची ही भाषा आहे.

आता दयेचे वाटप पाहावे. हेल्म्स डीपच्या लढाईनंतर शरण आलेल्या डोंगरी माणसांना अभय मिळते. झाडांच्या सावलीत पळालेला एकही ऑर्क परत येत नाही. दक्षिणेकडचा एक शत्रुसैनिक मरून पडलेला पाहताच सॅमच्या मनात येते, की हा खरोखरच दुष्ट होता की कोणाच्या थापांनी अथवा धाकाने येथवर आला? गुलाम म्हणवल्या जाणाऱ्या स्नागाविषयी असा प्रश्न कोणालाही पडत नाही. राज्यारोहणानंतर ॲरागॉर्न माणसांशी तह करतो, मॉर्डोरच्या गुलामांना मुक्त करून जमिनी देतो. ऑर्कांसाठी तहाचे कलम नाही.

मराठीत ऑर्कला ‘राक्षस’ म्हणण्याचा मोह होतो, तो आम्हांस याच कारणास्तव घातक वाटतो. राक्षसकुळात विभीषण जन्मतो. घटोत्कचाला हिडिंबेसारखी आई असते आणि तो पांडवांच्या बाजूने लढून मरतो. राक्षसाला पक्ष बदलता येतो. ऑर्काला ती मुभा कथेत कोठेच नाही.

यावर आक्षेप येईल, की महाकाव्याला चेहरा नसलेला शत्रू लागतोच, त्याच्या न्यायाची चर्चा कशाला? आमचे उत्तर असे, की ही चर्चा खुद्द टॉल्किननेच आरंभली. दुष्टशक्ती नवे काही निर्माण करू शकत नाही, असलेले बिघडवू शकते, ही त्याची श्रद्धा. म्हणून ऑर्क चिखलातून घडले ही आरंभीची कल्पना त्याने सोडली. १९७७ च्या ‘सिल्मरिलियन’मध्ये ते छळ करून भ्रष्ट केलेले एल्फ आहेत, आणि इतर सजीवांप्रमाणे त्यांना मुले होतात असेही तेथे म्हटले आहे. पण मग ते आत्मा असलेले जीव ठरतात, आणि त्यांची सरसकट कत्तल समर्थनीय राहत नाही. माणसे, पशू, लहानसहान दुष्टात्मे असे पर्याय तो उतारवयापर्यंत तपासत राहिला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणांतून हे दिसते. समाधान त्याला सापडले नाही. १९५८ च्या एका पत्रात त्याने ऑर्कांचे रूप सांगताना मंगोल वंशाच्या लोकांची जी ओंगळ उपमा दिली, तिच्यावरही पांघरूण घालण्याचे कारण नाही. शत्रूला चेहरा देताना तोही आपल्या काळातील वंशद्वेषाच्या भांडारात हात घालतो.

परंतु त्याच लेखकाने १९४४ साली, ऐन युद्धात, सैन्यात असलेल्या आपल्या मुलाला लिहिले होते, की प्रत्यक्ष जीवनात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात. २०२२ पासून युक्रेनमध्ये आक्रमक रशियन सैनिकांना ‘ऑर्क’ म्हटले जाऊ लागले. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्या संतापाला आम्ही येथून नाव ठेवणार नाही. एवढेच नोंदवतो, की हा शब्द वापरणाऱ्याच्या हातात कादंबरीतला सोपा अर्धा भाग येतो, आणि तिच्या लेखकाला शेवटपर्यंत छळणारा दुसरा अर्धा भाग मागे राहतो.

तो मागे राहिलेला भाग पुढे आणणे हे साहित्याच्या वर्गाचे काम आहे. ऑर्कांचे प्रकार किती, असे कोणी विचारल्यास विद्यार्थ्यांनी ते जरूर सांगावेत. त्यानंतर ‘स्नागा’ या शब्दापाशी थांबून, त्याला हे नाव कोणी दिले, एवढे मात्र विचारावे.