‘ओन्ली अ‍ॅडमिन’ काढा, संगमनेरकरांनो!

गल्लीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, दूध संस्थेचा, यात्रा कमिटीचा, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा. संगमनेरातल्या कुणाचाही फोन उघडा, डझनभर ग्रुप सहज निघतील. त्यातले बोलते किती, तेवढं बघा. बाकीच्यांत तळाला एकच ओळ असते: फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात. सकाळी सुप्रभात, दुपारी कुणाच्या तरी दशक्रियेची वेळ, संध्याकाळी साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर. शेकड्यांनी माणसं एका जागी गोळा करायची आणि कुणी बोलायचं नाही! असली सभा जुन्या काळी कुणी भरवली असती तर लोक उठून गेले असते. फोनमधून मात्र कुणी उठून जात नाही, कारण लेफ्ट झालं की ते अ‍ॅडमिनला कळतं आणि दुसऱ्या दिवशी चौकात विचारणा होते.

हे सेटिंग व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ च्या जूनअखेर दिलं. ते वापरायची सक्ती ना सरकारने केली, ना पोलिसांनी. आपलं तोंड आपणच बंद केलंय, ही या लेखाची तक्रार आहे.

कसं घडतं बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं. व्यापाराची बोलणी अडली होती त्यात दूध आणि शेतीमाल हे मोठे मुद्दे होते. ज्या तालुक्यात दुधाच्या पगारावर घरचा किराणा भरतो, तिथे हा विषय निघणारच. कुणीतरी ग्रुपवर विचारतो, ‘उद्या अमेरिकेची दूध पावडर इथे उतरली तर आपला लिटरचा भाव काय राहील?’ लाखमोलाचा प्रश्न! पहिलं उत्तर येतं ट्रम्पच्या व्यंगचित्राचं. दुसरा इथल्या पुढाऱ्याचं नाव घेतो. तिसरा त्या पुढाऱ्याच्या घराण्यापर्यंत पोचतो. चौथा शिवी देतो. मग अ‍ॅडमिनसाहेब उगवतात: ‘कृपया राजकीय पोस्ट टाकू नये. ग्रुपचा उद्देश लक्षात ठेवावा.’ आणि ग्रुप ओन्ली अ‍ॅडमिन. शिवी देणारा ग्रुपात आहे तिथेच राहतो. लिटरच्या भावाचा प्रश्न तेवढा वाहून जातो.

‘जगाच्या राजकारणाशी आपल्याला काय करायचंय?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी कांद्याला विचारावं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ ला उठली, तीही चाळीस टक्के शुल्काची मेख ठेवून. त्याच हिवाळ्यात तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि शेजारच्या नाशिकची युरोपला जाणारी द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. येमेन कुठे, निफाड कुठे! पण भाडं वाढलं, दिवस वाढले, आणि भुर्दंड बागायतदाराच्या माथी आला.

तंत्रज्ञानाचंही तेच. पीक पाहणी मोबाइलवर आली २०२१ मध्ये. मग शेतकरी ओळख क्रमांक आला, आणि योजनांचा लाभ हवा तर तो काढाच, असं झालं. बारामतीला उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. पाणी किती, खत कधी, ते यंत्र सांगणार. उत्तम. पण माझ्या जमिनीची, पिकाची, कर्जाची ही सगळी माहिती जमून जाते कुठे, ती बघतो कोण, आणि उद्या विमा कंपनीच्या हाती ती गेली तर? हे प्रश्न दिल्लीच्या परिसंवादांत इंग्रजीतून विचारले जातात. ज्याचा सातबारा त्यात आहे तो मात्र ‘ग्रुपचा उद्देश’ सांभाळत बसलाय.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. माहितीच्या अधिकारासाठी राळेगणसिद्धीतून अण्णा हजाऱ्यांनी आंदोलनं केली. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. त्या कायद्यातलं कलम ८(१)(जे) २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावं लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर नाहक घाला येतो. शिवाय विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द पुरतात. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची वाट शिल्लक आहे, पण तिथवर पोचायला अपिलांचे हेलपाटे आलेच. म्हणजे उद्या तुम्ही अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी मागितलीत, खोटी नावं शोधायला, तर नावं झाकून कागद देणं आता सोपं झालंय. ज्या जिल्ह्यातून या कायद्यासाठी आंदोलनं उभी राहिली, त्या जिल्ह्यातल्या किती ग्रुपांवर यावर चार वाक्यं झाली?

आणि हे संगमनेर आहे, बाबांनो. अनंत फंदीचं गाव. तमाशाचा फड गाजवलेला, अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून कीर्तनाकडे वळला असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो हा शाहीर. मराठीत ‘फटका’ हा रचनाप्रकार रुजवला तो त्याने. फटका म्हणजे चारचौघांत, मोठ्याने, तोंडावर सुनावणं. त्याच्या नावाची व्याख्यानमाला या गावाने चालवली आणि वाढवली. जवळे कडलगचे दत्ता देशमुख लाल निशाण पक्षातून आयुष्यभर पाण्याच्या वाटपावर भांडले, तेही आकडेवारी घेऊन. संघावर टीका करणारं ‘झोत’ लिहिणारे रावसाहेब कसबे इथल्या महाविद्यालयात शिकवत होते. १९७८ साली ते पुस्तक आलं तेव्हा त्याच्या बाजूने आणि विरोधात बोलायला कुणाला अ‍ॅडमिनची परवानगी लागली नाही. भंडारदऱ्याचं पाणी, निळवंड्याचे कालवे, उसाचा भाव, विडी कामगारांची मजुरी, या गावाने काय काय वादाला घेतलं नाही? निळवंड्यावर तर पिढ्या भांडल्या. पाणी यायला पन्नास वर्षं लागली, पण ‘विषय बंद’ असं कुणी म्हटलं नाही, म्हणूनच ते आलं.

आता भीतीकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. अ‍ॅडमिन मुळात दुष्ट नसतो. बिचारा पतसंस्थेत नोकरीला असतो किंवा त्याचं मेडिकल असतं. ‘कुणी काही टाकलं तर पोलीस मला उचलतील,’ एवढंच त्याच्या डोक्यात. त्याच्यासाठी मुद्दाम सांगतो. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिलेबद्दल अश्लाघ्य मजकूर टाकला आणि अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. माणूस घेणं आणि काढणं एवढाच अ‍ॅडमिनचा अधिकार, मजकूर आधी तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही, म्हणून संगनमत असल्याशिवाय दुसऱ्याच्या पोस्टसाठी तो गुन्हेगार ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल छापून देव्हाऱ्यात ठेवा हवं तर!

पालघर आठवतं? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, बंद झाला, एका मुलीने फेसबुकवर त्याबद्दल लिहिलं, दुसरीने लाइक केलं. दोघींना अटक. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. त्यावरूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ चव्हाट्यावर आलं, श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. पुढे २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलं की मेलेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत अजून गुन्हे नोंदवतायत. न्यायमूर्तींनाही धक्का बसला. मुंबई उच्च न्यायालयाने तर सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल खरं काय नि खोटं काय हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं, ही तरतूदही रद्द केली. कायदा आपल्या समजुतीपेक्षा बराच आपल्या बाजूचा आहे.

बराच म्हणतो, पूर्ण नाही. घटनेच्या कलम १९(२) मध्ये मर्यादा आहेत, आणि नव्या न्याय संहितेत १९६, ३५३, ३५६ ही कलमं आहेत: तेढ, अफवा, बदनामी. मजकूर उतरवण्याच्या ‘सहयोग’ पोर्टलविरुद्ध एक्स कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे हरली. राज्याचं जनसुरक्षा विधेयक त्याच वर्षी जुलैत मंजूर झालं. त्यावर विधिमंडळात चर्चा झाली, आपल्या ग्रुपांवर झाली नाही. बिनधास्त काहीही लिहा, असा माझा सल्ला नाही. कुठवर बोलता येतं ते माहीत करून घ्या, आणि तिथवर बोला. आपण त्या रेषेच्या कोसभर अलीकडेच दबकून बसलोय.

आता ज्यांना मोकळ्या ग्रुपचा हा आग्रह थिल्लर वाटतो त्यांचा एक आक्षेप मात्र जड आहे. राईनपाडा. धुळे जिल्हा, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनी फिरली आणि डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मोकळं सोडलं की हे होतं, असं अ‍ॅडमिन म्हणतात. मला उलटंच दिसतं. तो मेसेज शेकडो ग्रुपांतून गेला तेव्हा किती जणांनी विचारलं, ‘कुठल्या गावात? कुणाचं मूल? तक्रार कुठे आहे?’ राईनपाड्यात वाद झाला नव्हता, सगळ्यांचं एकमत झालं होतं. अफवेला उलटा प्रश्न सोसत नाही. ओन्ली अ‍ॅडमिनने नेमका तोच जातो, कारण खोटा फॉरवर्ड अ‍ॅडमिननेच टाकला तर त्याला खाली ‘हे खोटं आहे’ असं कोण लिहिणार? लिहायला जागाच नाही.

तोंड बंद केल्याने काय होतं ते नेपाळने दाखवलं. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारने २६ समाजमाध्यमं बंद केली. आठ तारखेला पोरं रस्त्यावर, त्या एका दिवसात १९ मृत्यू, नऊला पंतप्रधान ओलींचा राजीनामा.

संगमनेरात रक्तपात नाही, तट आहेत. इंदोरीकर महाराजांच्या कीर्तनातल्या, मुलगा-मुलगी होण्याबद्दलच्या विधानाचं प्रकरण घ्या. व्हिडिओ यूट्यूबवर गेला, गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली २०२० मध्ये खटला इथल्याच न्यायालयात आला, २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने तो रद्द केला, २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पुन्हा जिवंत केला. कोर्ट आपल्या गतीने चालेल. पण व्यासपीठावरून काय बोलावं, कायदा बोलण्याला कुठे अडवतो, मुलींचं प्रमाण का घसरलं, यावर कडाक्याचा वाद घालायची संधी गावाकडे होती. गावाने बाजू निवडल्या आणि मुद्दा सोडून दिला.

म्हणून हात जोडून सांगणं आहे. अ‍ॅडमिन मंडळींनो, निदान रविवारची संध्याकाळ ग्रुप मोकळा करा. शिवी देणाऱ्याला काढा, त्यात भीड नको. प्रश्न विचारणाऱ्याला ठेवा. दावा करणाऱ्याने बातमी कुठली, तारीख कुठली ते सांगावं, एवढा एकच नियम पुरे. महाविद्यालयांनी वादविवाद स्पर्धेचे ‘मोबाइल: शाप की वरदान’ असले विषय आता कृपा करून पुरावेत. सहयोग पोर्टल द्या, माहिती अधिकारातली दुरुस्ती द्या, अमेरिकेचं दूध द्या. पोरं काय बोलतात ते ऐकून तुमची छाती फुगेल. फंदींच्या व्याख्यानमालेला टाळ्या वाजवायला जाता, तसे एखादा अडचणीचा प्रश्न घेऊनही जा. हिंजवडीला, बंगळुरूला, अमेरिकेला गेलेल्या आमच्या इंजिनिअर लेकरांनी गावाकडच्या काकांच्या फॉरवर्डवर हसणारे स्टिकर टाकण्यापेक्षा दोन ओळींत समजावून सांगावं, आणि काकांनी ‘तू शहाणा झालास’ म्हणायच्या आधी त्या दोन ओळी वाचाव्यात.

बायाबापड्यांचं वेगळं सांगायला हवं. मुली ग्रुपवर बोलत नाहीत, कारण स्क्रीनशॉट निघतो, भावाला पाठवला जातो, घरी बोलणी बसतात. असा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला आधी बाहेर काढा. पालघरच्या त्या दोघींनी देशाचा एक वाईट कायदा पाडायला सुरुवात करून दिली होती, एवढं लक्षात असू द्या.

आणि वकील मंडळींनो, तुमच्याकडे विशेष मागणं आहे. महिन्यातून एक तास द्या. ग्रुपवर, वाचनालयात, जमेल तिथे. कुठल्या कलमात काय आहे, पोलिसांचा फोन आला तर काय बोलायचं, ते लोकांना साध्या मराठीत सांगा. कुणाला त्याच्या पोस्टवरून बोलावणं आलंच, तर त्याने कलम कोणतं ते विचारावं, नोटीस लेखी मागावी, वकील सोबत न्यावा आणि सगळं ग्रुपवर उघड सांगावं. बाकीच्यांनी त्या दिवशी ‘ग्रुपचा उद्देश’ आठवू नये, त्याच्याबरोबर ठाण्यात जावं.