परदेशी पेशंट आणि आपली खाट

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका मावशींना बघायला आम्ही शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात गेलो होतो. मावशींचा मुलगा खाली बिलाच्या खिडकीशी पावत्यांची चळत घेऊन उभा. समोर काचेचे दालन, वर पाटी ‘आंतरराष्ट्रीय रुग्ण विभाग’. आत सोफे, अरबी बोलणारा दुभाषा, पासपोर्टच्या झेरॉक्स काढणारी मुलगी. पोरगा म्हणाला, “काका, ह्यांना बसायला सोफा आणि आपण सकाळपासून उभे!” राग येणे साहजिक आहे. पण आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. राग आला की आधी जमाखर्च मांडून बघायची सवय. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

असे काचेचे दालन कसे उभे राहते, हे समजून घ्यायला बँकॉकच्या बुमरुंगराद रुग्णालयाइतके चांगले उदाहरण नाही. हे 1980 साली दोनशे खाटांनिशी सुरू झाले. बँकॉकमध्ये तेव्हा पैसेवाला मध्यमवर्ग वाढत होता, त्याच्या भरवशावर रुग्णालयही वाढले. कंपनी शेअर बाजारात गेली. 1997 साली साडेपाचशेच्या आसपास खाटांची टोलेजंग नवी इमारत उघडली आणि त्याच वर्षी घात झाला. 2 जुलै 1997 रोजी थायलंडचे चलन, म्हणजे बाट, सरकारला सावरता आले नाही. एका डॉलरला 25 बाट मिळत, ते सहा-सात महिन्यांत 50 च्या वर गेले. नोकऱ्या गेल्या, कंपन्या बुडाल्या. जो मध्यमवर्ग ह्या खाटा भरणार होता, तोच खासगी रुग्णालय टाळू लागला.

आता हिशेबाची बाजू बघा. रुग्णालयाचा बराचसा खर्च रोगी आला म्हणून होत नाही, तो आधीच झालेला असतो. इमारत, यंत्रे, कर्जाचे व्याज, लिफ्ट, नर्सचा पगार. वॉर्ड भरलेला असो की रिकामा, हा खर्च सुटत नाही. लॉजवाल्याचे दुःख आणि ह्यांचे दुःख एकच, रिकामी खोली भाडे देत नाही. अशा वेळी बुमरुंगरादच्या चालकांनी एक साधी गोष्ट हेरली. बाट पडल्यामुळे थाई माणसाला जे महाग झाले, तेच डॉलरवाल्याला निम्म्या भावात पडत होते. म्हणून त्यांनी तोंड बाहेरच्या देशांकडे वळवले.

वळवले म्हणजे नुसत्या जाहिराती केल्या नाहीत. दुभाषे ठेवले. विमानतळावर माणूस उभा केला. व्हिसाची मुदत वाढवायची सोय रुग्णालयातच केली. ऑपरेशनचे एकरकमी दर ठरवून आधीच सांगायला सुरुवात केली. (आपल्याकडे किती ठिकाणी आधी आकडा सांगतात, हे वाचकांनी आठवून बघावे.) पुढे सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला. अमेरिकेचा व्हिसा मिळणे अरबांना अवघड झाले आणि उपचारासाठी तिकडे जाणारे आखाती कुटुंबकबिले बँकॉकला उतरू लागले. लगेच हलाल स्वयंपाकघर आले, नमाजाची खोली आली. 2002 साली रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेचे, जेसीआयचे, प्रमाणपत्र मिळाले. आशियात ते पहिले. ह्या तपासणीत हात धुतात का, योग्य रोग्याला योग्य औषध जाते का, नोंदी नीट आहेत का, असली रोजची कामे बघतात. आम्हाला ह्यात काही वावगे दिसत नाही. हात धुण्याची शिस्त परक्या पाहुण्यासाठी लागली, तरी शेजारच्या खाटेवरचा देशी माणूसही तिने वाचतो. आज वर्षाला दहा लाखांवर रोगी येतात आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास परदेशी असतात, असे रुग्णालय सांगते.

पण जमेसमोर खर्चाचे पानही असते. त्याच काळात, 2001 साली, थायलंड सरकारने तीस बाटमध्ये उपचाराची योजना आणली. 2002 साली तिचा कायदा झाला. शेतकरी, हमाल, फेरीवाला, कोणीही तीस बाट देऊन उपचार घ्यावा, असे ते मोठे काम. त्याचा भार मुख्यतः सरकारी दवाखान्यांवर पडला. रोगी वाढले आणि डॉक्टर मात्र शहरातल्या खासगी रुग्णालयांकडे ओढले जाऊ लागले. तिथे शिकलेल्या डॉक्टरने तीन वर्षे सरकारी सेवा करावी, नाहीतर चार लाख बाट भरावेत, असा नियम होता. खासगी पगार वाढत गेले, तशी ही रक्कम भरून मोकळे होणे सोपे झाले. खाट परदेशी माणसाने भरली म्हणून गरिबाची खाट गेली, असे सरळ नसते. खाटेजवळचा डॉक्टर जातो.

आपल्या सरकारनेही 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परदेशी रोग्यावरच्या उपचाराला निर्यात मानून सवलती द्याव्यात, असे म्हटले. माणूस इकडे येतो आणि निर्यात तिकडे होते! पण परकीय चलन मिळते, म्हणजे वाणिज्याच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच. मुंबईत आखातातून, पूर्व आफ्रिकेतून रोगी येतात ते ह्याच वाटेने.

मात्र महाराष्ट्रात एक गोष्ट वेगळी आहे आणि ती आम्ही त्या पोराला तिथेच सांगितली. रुग्णालय ट्रस्टचे असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रोग्यांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी इतर रोग्यांच्या बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. म्हणजे काचेच्या दालनातल्या पाहुण्याच्या बिलातलेही 2 टक्के त्यात आले. भांडायचे तर सोफ्यावरच्या आजारी माणसाशी कशाला? त्या निधीचा हिशेब मागावा. कंपनीच्या रुग्णालयाला मात्र ही योजना लागू नाही, म्हणून आधी ट्रस्ट आहे का ते विचारावे. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढते, आजची मर्यादा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळते. तक्रारही तिथेच करायची.

मावशींचे रुग्णालय ट्रस्टचे निघाले. समाजसेवकाची खोली शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. कँटीनमागे, जिन्याखाली, दारावर पाटी नाही. आतल्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतले, रेशनकार्ड बघितले, अर्ज लिहून घेतला. आम्ही अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतला. मावशींना अजून डिस्चार्ज नाही आणि अर्जाचे उत्तरही आलेले नाही. आले की ह्याच जागी कळवू.