शाहिराच्या झोळीतली पुस्तिका

जाहीर सभेचा हिशेब मांडावयास बसले की मंडपवाल्याचे बिल निघते, ध्वनिक्षेपकवाल्याचे निघते, छापखान्याची तर मागली उधारीसुद्धा निघते. शाहिराचे बिल मात्र निघत नाही. त्याला नारळ, शाल आणि परतीचे एस.टी.चे भाडे, भाडेही पुष्कळदा ‘पुढच्या वेळी पाहू’ या बोलीवर. सभा संपल्यावर तोच शाहीर आपल्या गाण्यांच्या पुस्तिका मांडून मंडपाच्या तोंडाशी बसला, तर आतले काही निष्ठावंत नाक मुरडतात: शाहिरीचा धंदा मांडला! या नाक मुरडण्याला तत्त्वनिष्ठा म्हणण्याची चाल पडली आहे. ही तत्त्वनिष्ठा एकदा पारखून घेणे आवश्यक झाले आहे.

शाहिरी जनतेची, तिला किंमत लावणे म्हणजे तिला बाजारात उभी करणे, असा हा युक्तिवाद. ऐकावयास उदात्त, परंतु सातारा-सांगलीच्या इतिहासात त्याला आधार नाही. (शाहिरीपुरते हे दोन जिल्हे एकच समजावेत. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले.) ज्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा पुस्तकरूपाने छापला. छापलेले पुस्तक विकावे लागते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची गरज नाही. पुढे १९२० च्या सुमारास याच जिल्ह्यात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले, आणि शेतकऱ्याने सावकाराला व भटजीला प्रश्न विचारण्याची भाषा तेथे शिकली.

पोवाड्याच्या पुस्तिकेचा व्यापार तो काय? एका तावाच्या घडीतून निघणारी आठ-सोळा पाने, हलका कागद, दोन टाचण्या, आण्या-दोन आण्यांची किंमत. जत्रेत, बाजाराच्या दिवशी, फडाच्या बाहेर, कोणाच्या तरी खांद्यावरच्या झोळीतून ती विकली जाई. ना दुकान, ना पाटी. विकणारा पुष्कळदा पथकातलाच झीलकरी असे. पण या क्षुद्र दिसणाऱ्या व्यापाराने दोन गोष्टी साधल्या. ऐकलेले गाणे गावात मागे राहिले, कारण एका साक्षराच्या घरी पुस्तिका असली की सगळी आळी ते म्हणू शकत असे. आणि शाहिराला पाटलाच्या, इनामदाराच्या किंवा पुढाऱ्याच्या ओसरीवर बिदागीसाठी तिष्ठावे लागले नाही. आण्याला पुस्तिका घेणारा शेतमजूर हाच त्याचा आश्रयदाता होता, आणि त्या आश्रयदात्याची खुशामत करण्याचे कारण नव्हते.

प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते १९४६ या वर्षांत, या व्यापाराला धोक्याची जोड मिळाली. नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी भूमिगत. तुफान सेना आणि न्यायदान मंडळे गावोगाव उभी. आणि वर्तमानपत्रांवर सरकारी निर्बंध. जी बातमी छापता येत नव्हती ती डफावर सांगितली जाई. जप्तीचा हुकूम निघालेला कागद झोळीत सापडला तर विकणाराही तुरुंगात जाणार, हे उघड होते. त्या माणसाला धंदेवाईक म्हणण्याचे धाडस त्या काळी कोणी केले नसते!

वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण तर सर्वांना पाठ आहे, पण अर्धेच. अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले, स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, आणि तोच तमाशा ‘लोकनाट्य’ या नावाने पुन्हा उभा राहिला, येथपर्यंतचे भाषण कोणताही कार्यकर्ता करतो. उरलेला अर्धा असा: ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तिच्यावर चित्रपट निघाला, आणि १८ जुलै १९६९ रोजी तिचा लेखक दारिद्र्यात मरण पावला. त्यानंतर २००२ साली टपाल तिकीट, २०२२ साली मॉस्कोत पुतळा. त्यांच्या नावाच्या विकास महामंडळात कोट्यवधींच्या अपहाराचा आरोप होऊन तत्कालीन अध्यक्षाला २०१५ साली अटकही झाली. नावाला भाव आला. नाव ज्याचे, त्याच्या पदरात हयातीत काय पडले? रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचीही १९४५ साली हीच गत झाली होती.

येथे १ ऑगस्टला वाटेगावात तसबिरी, बिल्ले आणि पुस्तके मांडणाऱ्या फाटक्या विक्रेत्याला धारेवर धरणारे भेटतात. तो दिवसभर उन्हात बसतो व संध्याकाळी पोटापुरते घेऊन जातो. त्याच्याशी भांडण कशाला? भांडण आहे ते शाहिराला एकदाच रक्कम देऊन गाण्याचे सर्व हक्क लिहून घेणाऱ्या ध्वनिफीत कंपन्यांशी. गीतकाराला मानधनाचा कायम वाटा देणारी दुरुस्ती कायद्यात २०१२ साली झाली. पण ज्याच्याजवळ कराराचा कागदच नाही त्याने तो वाटा कोणत्या दारात मागावा? आणि भांडण आहे ते सभेत मोबाइल उंचावून गाणे टिपणाऱ्या व शाहिराचे नावही न घालता यूट्यूबवर सोडणाऱ्या आपल्याच साथीशी. कंपनी निदान एकदा तरी पैसे देते.

कबीर कला मंचाचे कलावंत २०११ च्या गुन्ह्यानंतर भूमिगत झाले. शीतल साठे व सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर हजर झाले. माळी यांना जामीन मिळण्यास जानेवारी २०१७ उजाडला. या साऱ्या काळात त्यांची गाणी सभांतून वाजत होती. ती वाजविणाऱ्या किती संघटनांनी त्यांच्या घरच्या चुलीची चौकशी केली?

पैशाने शाहीर बाटतो, ही भीती अगदीच खोटी नाही. सरकारी योजनांचे गुणगान करणारी कलापथके सर्वांनी पाहिली आहेत. परंतु ती तेथे गेली कशी? चळवळीने नारळ दिला, खात्याने मानधन दिले. मग चळवळीनेच त्यांना विकलेले ठरविले. उलट पाचगणी परिसरातून आलेल्या संभाजी भगतांच्या संकल्पनेतले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ पासून तिकीट लावून झाले. तिकिटामुळे त्याची धार गेली असे त्याच्या शत्रूंनीही म्हटले नाही.

तेव्हा सभेच्या अंदाजपत्रकात मानधन मंडपाच्या आधी लिहावे. पुस्तिकेचे मेज मंडपाबाहेर नव्हे, व्यासपीठाशेजारी मांडावे, आणि विक्रीचा पैसा पक्षनिधीत न वळविता पथकाच्या हाती द्यावा. पुस्तिका छापताना हक्क कोणाचा हे पहिल्या पानावर छापावे. अण्णा भाऊंच्या लेखनावरील स्वामित्वहक्क कायद्याने २०२९ अखेर संपेल. त्यानंतर ते कोणीही छापील, आणि मोठे भांडवल सर्वांत आधी छापील. हयात शाहिरांबाबत मात्र अजून वेळ आहे. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक तालुका शाखेने गेल्या वर्षीची हिशेबवही पुढील बैठकीत उघडावी आणि शाहिराच्या नावापुढे कोणता आकडा आहे, तो मोठ्याने वाचून दाखवावा.