हाडांत मुरलेले पाणी

1937 साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात कणा ताठरलेल्या रुग्णांची पाहणी झाली आणि या व्याधीचे मूळ पिण्याच्या पाण्यातील फ्लोराईडमध्ये असल्याचे नोंदले गेले. इतिहासाच्या अभ्यासात ही नोंद माझ्या वाचनात आली नव्हती. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत, नलगोंडा जिल्ह्यातील एका खेड्यात, ती माझ्यासमोर उभी राहिली. अर्ज घेऊन आलेल्या चाळिशीतल्या शेतकऱ्याला मान वर करून माझ्याकडे पाहता येईना.

त्या गावाला विंधन विहीर आम्हीच दिली होती. उघड्या विहिरीतून पटकी पसरते, तेव्हा खोल पाणी सुरक्षित, असे आमचे गणित होते. रोगजंतूंपुरते ते बरोबर होते. परंतु तेथील ग्रॅनाइट खडकातून पाण्यात फ्लोराईड उतरते, हे आम्ही हिशेबात धरले नाही. फाइलीवर ‘काम पूर्ण’ असा शेरा पडला. त्याखाली सही माझीच होती.

उपाय अज्ञात नव्हता. नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी व चुना वापरून फ्लोराईड काढण्याची पद्धत विकसित केली, तिला नावच ‘नलगोंडा तंत्र’ असे पडले. मात्र तुरटीची मात्रा रोज कोणी मोजायची, गाळ कोठे टाकायचा, हे ठरले नाही तर असे संयंत्र टिकत नाही.

आता अनेक गावांत नळाने नदीचे पाणी येते, ही मोठीच गोष्ट आहे. तथापि शेतावर राबणारा मजूर तहान लागली की तेथील कूपनलिकेचेच पाणी पितो. शिवाय ज्या मुलाच्या आहारात कॅल्शियम कमी, त्याच्या हाडांवर फ्लोराईडचा आघात अधिक तीव्र असतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; शिधावाटप दुकानातील तांदळात त्याचा विसावा हिस्साही नसतो. पाण्याची फाइल एका खात्यात आणि धान्याची दुसऱ्या. मुलाचे हाड मात्र एकच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फ्लोराईडग्रस्त जिल्ह्यांत शेतातील कूपनलिकाही तपासाव्यात व निष्कर्ष तेथेच ठळकपणे लिहावा. भारतीय मानकाची कमाल मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम आहे, तीही दुसरा स्रोत नसेल तेव्हाच. त्याच जिल्ह्यांतील शालेय आहारात नाचणी आणि दूध प्राधान्याने द्यावे. जखडलेला कणा कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. ‘काम पूर्ण’ हा शेरा लिहिण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.