लहरी प्रतिभेचे मोल

प्रतिभावान परंतु बेभरवशाचा खेळाडू करारबद्ध करावा की नाही, हा प्रश्न प्रत्येक क्लबापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. रग्बीच्या क्षेत्रात डॅनी सिप्रियानी या इंग्लिश खेळाडूच्या निमित्ताने तो वारंवार चर्चिला गेला. गोमंतकीयांस रग्बीपेक्षा फुटबॉल अधिक परिचित. तथापि लहरी खेळाडूचा मोह आणि धास्ती या दोन्ही गोष्टी त्यांस अपरिचित नाहीत.

सिप्रियानी 'फ्लाय-हाफ'च्या जागी खेळे. चेंडू साथीदाराकडे फेकावा, लाथेने पुढे धाडावा की स्वतःच घेऊन धावावे, याचा निर्णय निमिषार्धात घेणारा हा खेळाडू. त्याची चूक त्याच्या एकट्याची राहत नाही; ती साऱ्या संघाला भोवते. मार्च २००८ मध्ये स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर तो नाइट क्लबात दिसला म्हणून इंग्लंडने त्याला वगळले. आठवड्याभराने आयर्लंडविरुद्ध त्यानेच १८ गुण मिळविले आणि इंग्लंडने ३३-१० असा विजय संपादन केला. मोह आणि धास्ती यांचे असे दर्शन क्वचितच घडते.

२०११ च्या हंगामासाठी मेलबर्न रेबल्स या नवोदित क्लबाने त्याला ऑस्ट्रेलियात नेले. तेथे शिस्तभंगाबद्दल त्याला संघाबाहेर बसावे लागले आणि २०१२ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे २०१८ साली ग्लॉस्टर क्लबाने त्याला घेतले. हंगामापूर्वीच जर्सी बेटावरील एका प्रकरणात न्यायालयाने त्याला दंड केला. क्लबानेही केला, पण त्याला काढून टाकले नाही. त्या हंगामात आदल्या वर्षी सातवा आलेला ग्लॉस्टर तिसऱ्या क्रमांकावर आला आणि सिप्रियानी प्रीमियरशिपचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच्यावर विश्वास टाकणारे प्रशिक्षक योहान अॅकरमन २०२० मध्ये क्लब सोडून गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिप्रियानीही गेला.

'दुभत्या गाईच्या लाथा गोड' असे आपल्याकडे म्हणतात. परंतु येथे दूध क्लबाला मिळते आणि लाथा बहुधा सहकाऱ्यांना खाव्या लागतात, हे व्यवस्थापकांनी विसरू नये. वेतनावर मर्यादा असलेल्या स्पर्धेत एका तारांकित खेळाडूवर केलेला खर्च म्हणजे दोन-तीन होतकरू तरुणांची हुकलेली संधी असते. नित्यनेमाने सरावास येणाऱ्या खेळाडूला एक नियम आणि गुणवंताला दुसरा, असे एकदा झाले की संघाची शिस्त उसवू लागते.

म्हणून असे खेळाडू घेऊच नयेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. केवळ बिनचूक खेळाडूंचा संघ पराभव टाळू शकेल. अनपेक्षित विजय खेचून आणणे त्याला अवघडच जाईल. आमचे म्हणणे इतकेच की, करार अल्प मुदतीचा असावा, मोबदल्याचा काही भाग प्रत्यक्ष खेळाशी निगडित असावा आणि दंडाचे नियम सर्वांना सारखे असावेत. याहून महत्त्वाचे म्हणजे, तो खेळाडू प्रशिक्षकाला मनापासून हवा असला पाहिजे. पदाधिकाऱ्यांनी केवळ प्रेक्षक जमविण्यासाठी आणलेला आणि प्रशिक्षकाने नाइलाजाने खेळविलेला गुणी खेळाडू स्वतःही वाया जातो व क्लबालाही बुडवितो. अशा वेळी केवळ त्या खेळाडूच्या स्वभावाकडे बोट दाखविणे न्यायाचे नव्हे.